डावी बाजू

उजव्या कानात कोमट पाणी गेलं तेव्हा सगळी खोली उचलली जाऊन फिरायला लागली, आणि डाव्या कानात गेलं तेव्हा काहीच झालं नाही. त्यामुळे त्याला वाटलं, चला, हा एक कान तरी शाबूत आहे. डोळ्यांवर जाड काळा चष्मा बांधलेला होता, आत मिट्ट काळोख, आणि तपासणी करणारी मुलगी डोक्याशी बसून त्याला सारखं बोलायला लावत होती. गप्प राहायचं नाही, मेंदू जागा राहिला पाहिजे, असं तिचं म्हणणं. "काका, कसलीतरी नावं घ्या. भाज्यांची घ्या." भाज्या त्याला धड आठवेनात. "कापडांची घेतली तर चालतील?" "चालतील की." मग तो सांगत गेला, पॉपलीन, लिनन, ट्विल, मलमल, डेनिम, कॉर्डुरॉय, साटीन. उजव्या कानाच्या वेळी ट्विलच्या पुढे त्याला जाताच आलं नव्हतं, खाटेची कड दोन्ही हातांनी धरून तो नुसता पडून राहिला होता. आता डाव्या कानाला मात्र यादी संपवून तो पुन्हा पॉपलीनपाशी आला तरी खाट जागची हलली नाही. "काय होतंय आता?" "काही नाही." "जरासुद्धा नाही?" "पाणी घातलंत ना तुम्ही?" मुलगी हसली नाही. तिने गार पाणी घातलं. मग "जरा बर्फाचं घालते हं काका" म्हणून बर्फाचं घातलं. कान तेवढा बधिर झाला, बाकी सगळं स्थिर. पंचावन्न-साठ वर्षं वापरलेल्या शरीरातला एक भाग तरी असा बर्फालाही दाद देत नाही, याचं त्याला कौतुक वाटलं, आणि चष्मा सोडल्यावर कान पुसत तो जवळजवळ खुशीतच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन बसला.

डॉक्टरीणबाई बोलायला कमी होत्या. त्यांनी कागदावरचे आलेख दोनदा पाहिले, मग त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, माझ्या नाकाकडे बघत राहा, आणि डोकं एकदम डावीकडे झटकन वळवलं. नाकावरची त्याची नजर सुटली, आणि पुन्हा शोधून तिथे आणावी लागली. "डावा," त्या म्हणाल्या. "डाव्या कानाने ऐकू नीट येतंय तुम्हाला. पण कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो, तो तुमचा डाव्या बाजूचा काम करत नाही. अजिबात नाही." "उजवा म्हणायचंय ना तुम्हाला? उजव्यालाच फिरलं सगळं." "जिवंत असतो त्यालाच फिरतं," बाई म्हणाल्या. काय गेलंय हे त्याला नीट कळलंही नव्हतं. जे आपल्यापाशी होतं हेच कधी ठाऊक नव्हतं, ते गेल्याचं दुःख नेमकं कुठे करायचं? तेवढ्यात बाईंनी पुढचं सांगितलं, आणि ते मात्र त्याला लागलं. "हे आत्ताचं नाही. खूप जुनं आहे. पाच-सात वर्षांमागे कधी मोठी चक्कर आली होती का? दोन-तीन दिवस अंथरुणाला खिळून?"

आली होती. सात वर्षांपूर्वी. सकाळी उठायला गेला तर छत डावीकडून उजवीकडे धावत होतं. तीन दिवस बायकोने बादली खाटेशी ठेवली होती आणि तो डोळे मिटून एका कुशीवर पडून होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी भिंत धरून उठला, तीन आठवड्यांनी कामावर गेला, आणि पित्ताचा तो विषय तिथेच संपला. पण त्याच्या आत्ताच्या चकरेचा त्या पित्ताशी काय संबंध? ही चक्कर तर बायको गेल्यानंतरची. चौदा महिन्यांमागे ती गेली, हृदय एकदम बंद पडून, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, आणि ती गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्या पायाखालची जमीन गादीसारखी झाली. डोकं वळवलं की घर अर्धा क्षण मागे राहायचं आणि मग येऊन मिळायचं. हे तो प्रत्येक डॉक्टरला वेगळ्या शब्दांत सांगून थकला होता. गरगरतं का? गरगरत नाही. भोवळ येते का, डोळ्यांपुढे अंधारी? अंधारी नाही. घेरी? घेरी म्हणजे नक्की काय असतं हे त्यालाच ठाऊक नव्हतं, आई म्हणायची, उन्हातून आल्यावर. एका डॉक्टरने रक्तदाबाची गोळी दिली, दुसऱ्याने मानेला पट्टा बांधला, तिसऱ्याने दिवसातून तीनदा घ्यायची पांढरी गोळी दिली, तिने चक्कर जाईना पण झोप मात्र दुपारीही येऊ लागली. नातेवाइकांनी तर रोगाचं नाव केव्हाच ठरवून टाकलं होतं. "मनाला लावून घेतलंत हो तुम्ही," मेहुणी म्हणायची, आणि तोही मान हलवायचा, कारण ते खोटं नव्हतं, आणि मान हलवली की मेहुणी थोडीशी मागे राहून मग जागेवर यायची.

"मग मधली सहा वर्षं मला काहीच कसं झालं नाही?" त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, मेंदू शिकतो. एका बाजूवर काम चालवायला शिकतो. डोळ्यांची मदत घेतो, पायाच्या तळव्यांची घेतो. "हाताला कशाचा आधार असायचा का तुमच्या? काठी वगैरे?" "छे छे. उलट मीच बायकोला धरायचो. तिचा गुडघा दुखायचा." बाईंनी लिहिणं थांबवलं. "कुठे धरायचात? कुठल्या बाजूला असायच्या त्या?" हा काय प्रश्न, असं वाटून तो उत्तर द्यायला गेला आणि त्याच्या डाव्या हाताला आपोआप कोपरापाशी बाक आला. "डावीकडे," तो म्हणाला. "एक बोट टेकलेलं असलं तरी पुरतं," बाई म्हणाल्या. "उभं कुठे आहे, आडवं कुठे आहे, एवढी बातमी मेंदूला एका बोटातूनही मिळते." मग त्यांनी पांढरी गोळी बंद करायला सांगितली आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंच्या नावे चिठ्ठी दिली. गोळी मेंदूला झोपवते, आणि त्याला आता पुन्हा एकदा पहिलीपासून शिकायचंय, म्हणाल्या.

त्याच्याबरोबर यायला त्याच्या मुलीने त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती. टॅक्सीत ती पुढच्या सीटवरून वळून वळून बोलत होती, आणि तिचं बोलणं ठरलेल्या विषयावर आलं. तिच्या मुलाची खोली त्याच्यासाठी रिकामी करून ठेवली आहे, पलंग बनवायला सांगायचाय, दुकानदार म्हणतो आज सांगितलात तर महिन्याअखेर मिळेल. "तुम्ही एकदा हो म्हणा बाबा. रोज जीव टांगणीला लागतो माझा. त्या दिवशी पुलावर काय झालं ते विसरलात का?" तो विसरला नव्हता. मुलगी नदीच्या पलीकडे राहायची. पायी जायचा एक लांब पूल होता, फक्त माणसांसाठी, दोन्ही कडांना उभ्या लोखंडी गजांचं कुंपण. दर रविवारी तो आणि बायको त्या पुलावरून मुलीकडे जेवायला जायचे. बायको गेल्यावर तो एकटा एकदाच निघाला, आणि पंचवीस-तीस पावलांवर ते गज पळायला लागले, पट्ट्यांचं कापड कुणी भराभर ओढून न्यावं तसे. तो खाली बसला. माणसं जमली. एक जण वाकून म्हणाला, "काका, सकाळी सकाळीच?" आणि दुसरा म्हणाला, "राहू दे रे, असतं एकेकाचं." त्या दिवसापासून रविवारी जावई गाडी घेऊन यायचा, आणि त्या दिवसापासूनच मुलीने पलंगाचा विषय काढला होता. तिचं काही चुकत नव्हतं. पण तिच्या घरून त्याच्या शर्टांच्या कारखान्याला दोन बस बदलून जावं लागलं असतं, म्हणजे काम सुटलं असतं. आणि एखाद्या खोलीत, कितीही मायेने दिलेली असली तरी, खुर्चीवर बसून कुणीतरी कामावरून परत यायची वाट पाहायची, हे त्याला नको होतं. त्याचं घर दोन खोल्यांचं होतं आणि त्यातलं सगळं त्याच्या हाताच्या उंचीवर होतं. "आईचा गुडघा कोणता दुखायचा गं?" त्याने एकदम विचारलं. मुलगी बघतच राहिली. "गुडघा? आईचा?" "उजवा की डावा?" "बाबा, आई आमच्याकडे लिफ्ट बंद असताना चार मजले चढून यायची, पोराला कडेवर घेऊन. वर आल्यावर मलाच म्हणायची, दमलीस का तू. तिचा कुठला गुडघा दुखतोय?" टॅक्सीवाला आरशातून हसला. "असं का विचारताय?" "काही नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं म्हणून," तो म्हणाला, आणि तसं पाहिलं तर ते खरंच होतं.

घरी आल्यावर त्याने कपाटाचा खालचा कप्पा उघडला. गुडघ्याला चढवायची ती जाड पट्टी तिथेच होती, पाच वर्षांपूर्वी त्याने स्वतः औषधांच्या दुकानातून आणलेली. मापही त्यानेच घेतलं होतं, गळ्यातली टेप काढून, बायको पलंगावर पाय लांब करून बसलेली, आणि "इंच किती ते मोठ्याने सांगू नका हो" म्हणत हसत होती. त्याने पट्टी दोन्ही हातांत धरून ताणली. ती झटक्याने मिटली. पुन्हा ताणली, पुन्हा मिटली. चाळीस वर्षं कापड हाताळलेल्या माणसाला याहून अधिक काही सांगावं लागत नाही. रोज वापरलेलं इलॅस्टिक वर्षात सैल पडतं, कड गुंडाळली जाते, आतल्या बाजूला घामाचा पिवळा डाग धरतो. ही पट्टी दुकानातून निघाली तशीच होती. आता आठवलं तर बायको ती चढवायची फक्त बाहेर निघताना, दारात, त्याच्यासमोर, कधी या पायाला कधी त्या पायाला, आणि त्याने एकदाही विचारलं नव्हतं की कालचा पाय कोणता होता. खिशाची रेघ छातीच्या रेघेपासून एका दोऱ्याने सरकली तर ज्याला जेवण जात नाही, त्या माणसाने! पहिल्यांदा त्याला राग आला. तो स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने म्हणालाही, "मला सांगायला काय झालं होतं गं तुला?" आणि लगेच त्याला कळलं की सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं. भांडण केलं असतं. मी ठणठणीत आहे, म्हणून दाखवायला एकटाच तरातरा चालत गेलो असतो आणि कुठेतरी आपटलो असतो. काठी घे म्हणाली असती तर काठी माळ्यावर टाकली असती. त्याला आधार घेणं जमत नव्हतं, देणं जमत होतं. तिने त्याला जमेल ते काम दिलं होतं.

मग तो खुर्चीवर बसला आणि ती सहा वर्षं एकेक करून उलटून पाहू लागला. जेवायचंही त्याला सुचलं नाही. आजारपणानंतर कामावर गेल्याचा पहिला आठवडा, कारखान्यातून तो संध्याकाळी निघाला तर फाटकाशी ती उभी. "भाजी घ्यायची होती, म्हटलं तुमच्याबरोबर जाऊ." मग रोजच भाजी. दिवेलागणीच्या वेळेला, जेव्हा धड उजेड नाही आणि धड अंधार नाही, आणि डोळे फसतात. नाटकाला गेले की मध्येच ती म्हणायची, थांबा हो, मला पायऱ्या दिसत नाहीत, आणि त्याचा हात धरायची, आणि तो पुढे होऊन तिला सावकाश उतरवायचा, आजूबाजूच्या बायकांनी पाहावं अशा ऐटीत. एकदा शेजारची म्हणाली होती, "काय मेली तुझी हौस, या वयात हातात हात!" तेव्हा ती म्हणाली, "मी म्हातारी नाही झाले, माझा गुडघा झालाय." सगळे हसले होते. तोही हसला होता, सगळ्यांत मोठ्याने. चालताना तो सारखा डावीकडे ओढला जायचा आणि ती तिथे असायची, म्हणून त्याचा खांदा तिच्या खांद्याला घासायचा, आणि ती म्हणायची, "सरका की तिकडे, सगळा रस्ता तुमचाच आहे का?" त्याला ती लाडाची तक्रार वाटायची. तिला त्या कानाबद्दल काय ठाऊक असणार? काहीच नाही. तिने नुसतं पाहिलं असेल की हा माणूस डावीकडे कलतो, आणि ती डावीकडे जाऊन उभी राहिली असेल. मुलीलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलगी त्याच्याकडे तसं बघू लागली असती, आज टॅक्सीत बघत होती तसं. बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. चांगलंच बरं वाटतंय. चौदा महिने तो जे आठवत होता ते सगळं आधीच ठाऊक असलेलं होतं. पुन्हा पुन्हा काढून, झटकून, घडी घालून ठेवलेलं. तिच्याबद्दल नवीन काही कळायचे दिवस संपले, हेच तर त्याला सगळ्यांत जड जात होतं. आणि आज मंगळवारी, एका अनोळखी मुलीने कानात बर्फाचं पाणी घातल्यामुळे, एक अख्खी नवी गोष्ट हाती आली होती, आणि ती एका दिवसात संपण्यासारखीही नव्हती.

त्याने मुलीला फोन करून सांगितलं, मला सहा आठवडे दे. सहाव्या रविवारी मी पुलावरून एकटा चालत तुझ्याकडे जेवायला येतो. आलो तर पलंग सांगायचा नाही. नाही आलो तर तू म्हणशील त्या दिवशी पिशवी भरून येतो, तोंडातून अक्षर काढणार नाही. मग मुलगी म्हणाली, "हे आईला आवडलं नसतं." "तुला काय ठाऊक आईला काय आवडायचं ते," तो म्हणाला, आणि हे त्याने इतक्या आनंदात म्हटलं की मुलीला रागावता आलं नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या आणि कडक होत्या. हातभर अंतरावर अंगठा धरायचा, त्याच्या नखाकडे बघत राहायचं आणि डोकं नाही-नाही म्हणतो तसं हलवायचं. मिनिटभर, दिवसातून पाच वेळा. भिंतीच्या कडेने एका पावलापुढे दुसरं पाऊल टाचेला बोट लावून टाकायचं. उशीवर उभं राहायचं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "बाई, याने चक्कर येते." "यायलाच पाहिजे. नाही आली तर व्यायाम झाला नाही असं समजा." "म्हणजे चक्कर हेच औषध?" "थोडी थोडी. पोटभर नाही. आणि ज्याने येते ते टाळायचं नाही. कशाने येते तुम्हाला?" "पट्ट्यांच्या कापडाने," तो म्हणाला, आणि बाईंना वाटलं हा माणूस चेष्टा करतोय. पण ती त्याची खरी अडचण होती. तो शर्टांच्या कारखान्यात कटर होता. लांबलचक टेबलावर कापडाचे थर पसरायचे, खडूने आखायचे आणि कापायचे. साधं कापड कुणीही कापेल. पट्ट्यांचं आणि चौकडीचं कापड मात्र गेली वीस वर्षं फक्त त्याच्याकडे यायचं, कारण खिसा छातीवर बसला की खिशाची रेघ आणि खालची रेघ एकच दिसली पाहिजे, खिसा आहे हे दोन हातांवरून कळता कामा नये, आणि ते त्याच्याइतकं कुणाला साधत नव्हतं. वर्षभर मात्र पट्टे टेबलावर पसरले की वाहायला लागायचे. म्हणून तो ते कापड धाकट्या कटरकडे सरकवायचा आणि स्वतः पांढरे शर्ट कापायचा. मालक काही बोलला नव्हता. न बोलणं हीच त्याची बोलायची रीत होती.

आता दुपारच्या चहाला तो खिडकीकडे तोंड करून अंगठा धरून डोकं हलवू लागला. पहिले दोन दिवस कुणी काही म्हणालं नाही. तिसऱ्या दिवशी काज-बटण करणारी, जिच्या तोंडाला कारखान्यात कुणी लागत नसे, ती म्हणाली, "मास्तर, कोण एवढं मागे लागलंय? मघापासून नाही नाही नाही चाललंय तुमचं." "आहे एकजण." "मग एकदा हो म्हणून टाका की. मान तरी सुटेल." "हो म्हणायचा व्यायाम पुढच्या आठवड्यात आहे," तो म्हणाला, आणि खरंच होता, वर-खाली डोकं हलवायचा. सगळी मशीन्स थांबून हसली. दुसऱ्या आठवड्यात त्याने मालकाकडे पट्ट्यांचं कापड मागितलं. मालकाने निळ्या रेघांचा एक गठ्ठा पुढे केला आणि टेबलाच्या पलीकडे हाताची घडी घालून उभा राहिला. रेघा वाहू लागल्या. त्याने टेबलाच्या कडेला डाव्या हाताचं एक बोट टेकवलं, नुसतं एक बोट, आणि वाट पाहिली. वाहणं मंद झालं, थांबलं नाही. त्याने आखलं, कापलं. शर्ट शिवून झाला तेव्हा खिशाची रेघ अर्ध्या रेघेने सरकलेली होती. काज-बटणवाली तो शर्ट उजेडात धरून म्हणाली, "अगं बाई, खिसा चालायला लागला की." मालक म्हणाला, "अर्धी रेघ. चालेल." त्याला न्यायला नको होता तो शर्ट, पण मालकाने तो पिशवीत घालून दिला. चौथ्या आठवड्यात पाव रेघ राहिली. पाचव्यात तीन शर्ट बरोबर आले आणि चौथा फसला. अंधारात पाणी प्यायला उठताना आता तो भिंत धरत नसे, भिंतीशेजारून चालत असे. एखाद्या दिवशी काहीच कारण नसताना सगळं पुन्हा पहिल्यासारखं होई, घर मागे राही आणि येऊन मिळे. त्या दिवशी तो फार हातपाय हलवत नसे. बसून तिच्या एखाद्या युक्तीचा शोध लावत असे. उदाहरणार्थ, तिने बाथरूमच्या दारामागे टॉवेलसाठी म्हणून जो जाड दांडा ठोकून घेतला होता, त्यावर सहा वर्षांत टॉवेल कधी नव्हता.

सहावा रविवार उजाडला, ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. तो पुलाच्या तोंडाशी आला. मुलगी पलीकडच्या टोकाला उभी होती, एवढ्या लांबून तिची फक्त पिवळी साडी दिसत होती. त्याने गजांकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, मग आठवलं की टाळायचं नाही, म्हणून पाहिलं. ते पळू लागले, पण त्यांचा वेग आता त्याच्या ओळखीचा होता. तो मधोमध चालत राहिला. डावीकडे ओढ लागली की तेवढ्यापुरता थांबायचा, पाय रोवायचा, पुढे. एक सायकलवाला घंटी वाजवत घासून गेला. एका बाईने मुलाला बाजूला घेतलं. पुलाच्या बरोबर मध्यावर एक रुंद चौक होता, लोक उभं राहून पाणी बघायचे. तिथपर्यंत तो आला आणि तिथे जमीन मऊ झाली. सगळी एकदम, पायांपासून गळ्यापर्यंत. तो बसला नाही. गज धरले नाहीत. पाय अंतरावर ठेवून, समोरच्या एका दिव्याच्या खांबाकडे बघत, ते सगळं जाईपर्यंत उभा राहिला. किती वेळ ते त्याला सांगता आलं नसतं. गेलं तेव्हा अंग घामाने भिजलेलं होतं आणि मुलगी धावत येऊन धापा टाकत त्याच्यासमोर उभी होती. "धरा मला," तिने हात पुढे केला. "पुरे झालं बाबा. धरा, आपण जाऊ." तो तिच्याकडे बघून हसला. तिचा श्वास, तिची घाई, तिचा पुढे केलेला हात, सगळं किती उघडं होतं. आईच्या अंगातली ती कला लेकीत नव्हती. "तुझा काही गुडघा-बिडघा दुखत नाही ना?" त्याने विचारलं. "माझा? नाही. का?" "नाही ना, मग राहू दे."

तिने पुढे केलेला हात खाली घेतला. मग म्हणाली, "आता काय करायचं?" "आजच्यापुरतं एवढंच. मी आलो तसा परत जातो. बस धरून येतो तुझ्याकडे, तू जेवण गरम ठेव." "परत? अहो, दोन्ही टोकं तेवढीच लांब आहेत! इकडून चला की, निम्मं तर आलात." "तिकडून आलोय तो रस्ता पायांना माहीत झालाय. नवा आज नाही झेपायचा." "आणि पैज? अर्धा पूल म्हणजे मी काय समजायचं? पलंग सांगायचा की नाही?" तो विचार करू लागला. मुलीचे डोळे भरून आले होते, पण ती हसतही होती, कारण दोघांनाही ठाऊक होतं की तिला उत्तर मिळालेलं आहे आणि ते पूर्ण नाही. "दुकानदाराला म्हणावं, अर्धा पलंग बनव," तो म्हणाला. "बाबा!" तिने डोळे पुसले. "दर रविवारी येणार का असे मध्यापर्यंत?" "येईन. तू त्या टोकाला उभी राहा. धावत मात्र यायचं नाही. तू धावलीस की मला वाटतं मी पडलो."

वळणं सगळ्यांत अवघड होतं. त्याने ते चार छोट्या पावलांत केलं. मग तो चालू लागला, मधोमध, आणि मागे मुलगी उभी आहे हे त्याला न बघता कळत होतं. पुलाच्या तोंडाशी येऊन त्याने बस धरली, गाड्यांच्या लांबच्या पुलावरून वळसा घालून पन्नास मिनिटांनी तो मुलीकडे पोचला, आणि दोनदा गरम केलेलं जेवण पोटभर जेवला. नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्ही जिंकलात की हरलात?" जावई म्हणाला, जेवू दे त्यांना. हे होऊन आता सात रविवार झाले. पलंग सांगितलेला नाही. गुडघ्याची गोष्ट मुलीला सांगितलेली नाही. पुलाचा पलीकडचा अर्धा भाग अजून चालायचा राहिला आहे.